सायकल रोज बाहेर पडावी म्हणून

पुणे असो, ठाणे, नाशिक किंवा नागपूर, कोणत्याही मोठ्या गृहसंकुलाच्या पार्किंगमध्ये खांबाला साखळीने बांधलेल्या आठ-दहा सायकली हमखास दिसतात. त्यांतल्या निम्म्यांच्या टायरमध्ये हवा नसते, चेनवर गंज चढलेला असतो. या सायकली कोणीतरी चार ठिकाणी चौकशी करून, हौसेने घेतलेल्या असतात. पहिले दोन-तीन आठवडे त्या रोज पहाटे बाहेरही पडलेल्या असतात. मग एक दिवस पाऊस येतो, एक दिवस पाहुणे येतात, एक दिवस पंक्चर होतं आणि त्यानंतर सायकल जागची हलत नाही. मालकाला विचारलं तर तो सगळा दोष स्वतःच्या आळसाला देतो. हे पुस्तक त्या उत्तरावर विश्वास ठेवत नाही आणि त्यामुळेच ते महत्त्वाचं आहे.

सायकलवर मराठीत लेखन नाही असं नाही. प्रवासवर्णनं आहेत, आरोग्यविषयक लेख आहेत, शर्यतींच्या बातम्या आहेत. पण सायकल घेतल्यानंतर ती वर्षानुवर्षं चालवत राहणं हा स्वतंत्र विषय आहे, त्याला इतिहास आहे, त्यावर संशोधन झालेलं आहे आणि त्यात मतमतांतरंही आहेत, हे सामान्य वाचकाला सहसा कोणी सांगत नाही. नव्या वाचकाला त्या प्रांताची ओळख व्हावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

सुरुवात एका साध्या निरीक्षणापासून करता येईल. सायकल चालवायला प्रेरणा लागते, ही कल्पनाच तशी नवी आहे. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत त्या काळात खडकी-पिंपरीच्या कारखान्यांची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई. पोस्टमन, दूधवाले, महाविद्यालयांत जाणारी मुलंमुली, शिक्षक, कारकून सगळे सायकलवर असत. नगरपालिकेचा बिल्ला, रात्री दिवा नसेल तर दंड, डबलसीटला मनाई, तासावर भाड्याने मिळणाऱ्या सायकली हे सगळं रोजच्या जगण्याचा भाग होतं. यांतल्या कोणीही ‘आज जावंसं वाटतंय का’ असा प्रश्न स्वतःला विचारला नसेल. कामाची वेळ ठरलेली होती, रस्ता ठरलेला होता, सायकल दाराशी उभी होती आणि दुसरा परवडणारा पर्याय नव्हता. सवय टिकवायला जे जे लागतं ते सगळं परिस्थितीनेच पुरवलेलं होतं.

त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. त्यांतल्या अनेकांनी ऐपत येताच सायकल सोडली आणि तो निर्णय त्यांच्या दृष्टीने योग्यच होता. उन्हातान्हात सामान लादून सायकल हाकणं हे कष्टाचं काम होतं. जनगणनेचे आकडे हा बदल नेमका दाखवतात. २००१ मध्ये देशातल्या ४३.७ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, २०११ मध्ये ४४.८ टक्के. म्हणजे सायकल घरातून गेली नाही. मात्र याच दहा वर्षांत स्कूटर किंवा मोटारसायकल असलेली कुटुंबं ११.७ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर गेली. जिथे गाडी आली तिथे रोजच्या कामातून सायकल बाजूला पडली. ती परत आली ती व्यायाम, छंद किंवा पर्यावरणाची काळजी म्हणून. गरज संपली तिथे प्रेरणेचा प्रश्न सुरू झाला.

यंत्राचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८१७ मध्ये जर्मनीतल्या मानहाइम इथे कार्ल फॉन ड्राइस याने दोन चाकांचं, पायाने जमीन ढकलत चालवायचं लाकडी वाहन बनवलं. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पेडल लागलं. १८८५ मध्ये इंग्लंडच्या जॉन केम्प स्टार्ली याने सारख्या आकाराच्या चाकांची, चेनने मागचं चाक फिरवणारी ‘रोव्हर’ आणली आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर दिला. आजची सायकल मूळ रचनेत तीच आहे. आपल्याकडे ती आधी विलायतेहून येत असे. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत हिंद, मग चेन्नईत हर्क्युलिस बनवणारी टीआय, सोनिपतला अ‍ॅटलस आणि १९५६ मध्ये लुधियानात हीरो असे कारखाने उभे राहिले आणि सायकल कामगाराच्या आवाक्यात आली.

सायकलच्या या दुसऱ्या, हौसेच्या आयुष्याला महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईहून सहा तरुण पारशी जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये सुमारे ७१ हजार किलोमीटर कापून परतले. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत आणि त्या किताबाचं कौतुक शर्यत जिंकणाऱ्याइतकंच होत असे. अशी माणसं वाचकाला भारावून टाकतात. रोजच्या चार किलोमीटरसाठी त्यांचा किती उपयोग होतो, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

तो प्रश्न सोडवण्याच्या जवळ जाणारा एक प्रवाह म्हणजे ब्रेव्हे, ठरावीक वेळेत लांब अंतर सायकलने कापण्याचा उपक्रम. याचं मूळ १८९७ मध्ये इटलीत रोम ते नेपल्स झालेल्या एका सायकल-फेरीत आहे. पुढे तो फ्रान्समध्ये रुजला. त्याचा शिरोमणी म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. १८९१ मध्ये शर्यत म्हणून सुरू झालेला हा १,२०० किलोमीटरचा पल्ला आता दर चार वर्षांनी होतो आणि त्यासाठी जास्तीत जास्त ९० तास मिळतात. रोजच्या सायकलस्वाराला अधिक जवळचे आहेत ते छोटे ब्रेव्हे. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास. यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो. वाटेतल्या ठरावीक ठिकाणी कार्डावर नोंद करायची आणि वेळेत पोहोचायचं. २०० किलोमीटरचा हिशेब केला तर थांबे धरून ताशी पंधरा किलोमीटरही लागत नाहीत. पन्नाशीतला माणूस पंचविशीतल्या मुलाच्या बरोबरीने ते पूर्ण करू शकतो आणि दोघांना मिळणारं यश सारखंच असतं. महाराष्ट्रात पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर इथल्या कितीतरी नोकरदारांची सायकल आठवडाभर चालू राहते ती ‘पुढच्या महिन्यात तीनशेची बीआरएम (म्हणजे ब्रेव्हे) आहे’ एवढ्याच कारणाने.

नाशिकचं उदाहरण इथे विस्ताराने सांगायला हवं. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत आहे. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघाने ती नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. असं करणारे ते पहिले भारतीय. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच शर्यत एकेकट्याने वेळेत संपवली. हे सगळे व्यवसायाने डॉक्टर आहेत. रुग्ण, कर्तव्य, कुटुंब हे सगळं सांभाळून त्यांनी सराव केला. शहरातला ओळखीचा माणूस, ज्याच्याकडे आपण तपासायला जातो तो, पहाटे घाटात सायकल चालवताना दिसतो तेव्हा शेजाऱ्यालाही ‘मला वेळ नाही’ म्हणणं जड जातं. नाशिकमध्ये सायकलस्वारांची मोठी संघटना उभी राहिली, आषाढीच्या आधी नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी निघू लागली. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधूनही अशा वाऱ्या निघतात. वारीची तारीख पंचांगात आधीच ठरलेली असते, सोबत शेकडो माणसं असतात आणि पोहोचण्याचं ठिकाण मनाला ओढ लावणारं असतं. उन्हाळ्यातच सराव सुरू करायला यापेक्षा चांगलं कारण मराठी माणसाला क्वचितच मिळेल.

या प्रवाहाची मर्यादाही स्पष्ट आहे. ध्येय तारखेला बांधलेलं असलं की तारीख उलटल्यावर सायकल पुन्हा थांबते. पंढरपूरहून परतलेल्या अनेक सायकली दिवाळीपर्यंत बाहेर येत नाहीत.

इथे मानसशास्त्राकडे वळावं लागतं, कारण सवय म्हणजे काय यावर त्या शास्त्रात शंभराहून अधिक वर्षं विचार चालू आहे. विल्यम जेम्स यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात सवयीवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. त्यांचा भर पुनरावृत्तीवर आणि सुरुवातीच्या निश्चयावर होता. त्यांच्यानंतरच्या वर्तनवाद्यांनी बक्षीस आणि शिक्षा यांच्या भाषेत विचार केला. १९७० च्या दशकापासून एडवर्ड डेसी आणि पुढे रिचर्ड रायन यांनी वेगळी वाट धरली. डेसी यांनी १९७१ मध्ये दाखवलं की एरवी आवडीने कोडी सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यासाठी पैसे दिले, तर नंतरच्या मोकळ्या वेळात त्यांचा कोड्यांमधला रस कमी होतो. या दोघांच्या मते माणूस एखाद्या गोष्टीत टिकतो तो ती स्वतः निवडलेली असेल, ती जमते आहे असं वाटत असेल आणि त्यातून माणसांशी नातं जुळत असेल तर. सायकलच्या आजच्या अ‍ॅपकडे या नजरेने पाहायला हवं. २००९ मध्ये सुरू झालेल्या स्ट्राव्हासारख्या अ‍ॅपने नोंद ठेवणं सोपं केलं, दूरच्या मित्रांची शाबासकीही मिळू लागली. ज्याला आपली प्रगती पाहून हुरूप येतो त्याला त्याचा उपयोग होतो. पण आकडा वाढवण्यासाठीच जो सायकल काढतो, त्याचा आकडा अडला की सायकलही अडते.

आणखी एक समज दूर व्हायला हवा. एकवीस दिवसांत सवय लागते, असं सर्रास सांगितलं जातं. याचा उगम मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. व्यायामाशी त्याचा संबंध नव्हता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे प्रत्यक्ष अभ्यास केला. नवं वर्तन अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाचा मध्यांक ६६ दिवस होता, पण व्यक्तीगणिक हा काळ १८ पासून अंदाजाने २५४ दिवसांपर्यंत जात होता. व्यायामासारख्या सवयींना पाणी पिण्यासारख्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक दिलासा देणारी आहे: मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय घडण्यात विशेष फरक पडला नाही. तीन आठवड्यांनी ‘अजून कंटाळा येतो’ म्हणून स्वतःला नालायक ठरवणाऱ्या माणसाला हे वेळेवर कळलं, तर कितीतरी सायकली चालू राहतील.

या सगळ्या संशोधनातला सर्वांत बोलका प्रयोग मात्र २००२ मधला आहे. ब्रिटनमधल्या मिल्न, ऑर्बेल आणि शीरन यांनी सुमारे अडीचशे विद्यार्थ्यांचे तीन गट केले आणि आठवड्यातून किमान एकदा २० मिनिटं जोरकस व्यायाम होतो का ते पाहिलं. पहिल्या गटाला काहीच सांगितलं नाही; त्यातल्या ३८ टक्क्यांनी व्यायाम केला. दुसऱ्या गटाला व्यायाम न केल्याने हृदयरोगाचा धोका कसा वाढतो, हे सांगणारं प्रेरणादायी साहित्य वाचायला दिलं. त्यातल्या ३५ टक्क्यांनी केला. तिसऱ्या गटाने तेच साहित्य वाचलं आणि शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या ठिकाणी व्यायाम करणार ते लिहून दिलं. त्यातल्या ९१ टक्क्यांनी व्यायाम केला. भाषणं, भित्तिपत्रकं, संकल्प आणि धास्ती यांनी जे झालं नाही ते कागदावरच्या एका वाक्याने झालं. ज्या पुस्तकाचा विषयच प्रेरणा आहे, त्याच्या प्रस्तावनेत हे सांगणं विचित्र वाटेल. पण या पुस्तकाची भूमिका नेमकी हीच आहे: उत्साहाला कमी काम द्या, व्यवस्थेला जास्त.

व्यवस्था म्हटली की सायकलच्या अगदी जवळ जावं लागतं. सवय मोडते ती बहुतेक वेळा सीट, टायर आणि कॅरिअरपाशी. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. नव्या स्वाराला थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकायला हवे असतात, म्हणून सीट कितीतरी खाली ठेवली जाते. मग दोन किलोमीटरमध्ये मांड्या भरून येतात, आठवड्यात गुडघे कुरकुरतात आणि माणूस म्हणतो, ‘आपलं वय झालं.’ दोष असतो दोन इंचांचा. टायरचंही तसंच. पंक्चर नसतानाही ट्यूबमधली हवा हळूहळू कमी होत राहते. सुट्टीहून परतल्यावर सायकल जड लागते ती त्यामुळे. घरात हातपंप असणं आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत सायकल ढकलत नेणं यात सवय टिकण्या-मोडण्याइतकं अंतर आहे. तिसरी गोष्ट खरेदीची. आज सर्वाधिक मिरवणाऱ्या सायकलींना मडगार्ड नसतं, कॅरिअर नसतं, दिवा नसतो, कित्येकांना स्टँडही नसतो. अशा सायकलवरून भाजी आणता येत नाही, पावसात कार्यालयात जाता येत नाही. ती फक्त व्यायामाची उरते आणि जी गोष्ट केवळ व्यायामाची असते ती आधी सुटते. महाराष्ट्रात तर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा विचार न करता आखलेली कोणतीही सायकलची सवय पहिल्या पावसातच वाहून जाते.

तरीही सगळा भार एकट्या सायकलस्वारावर टाकणं अन्यायाचं ठरेल. नियोजनकारांचा एक पंथ म्हणतो की सवय माणसाला लागत नाही, शहराला लागते. त्यांच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. नेदरलँड्स ही काही जन्मजात सायकलभूमी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारींनी सायकल मागे रेटली. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. पालक रस्त्यावर उतरले, १९७३ मध्ये तेलटंचाई आली आणि धोरण बदललं. स्पेनच्या सेव्हिलमध्ये तर २००६ नंतर मोजक्या वर्षांत सलग, संरक्षित मार्गांचं जाळं उभारलं आणि जेमतेम अर्धा टक्का असलेला सायकलींचा वाटा सहा टक्क्यांच्या पुढे गेला. तिथल्या लोकांची इच्छाशक्ती अचानक वाढली नव्हती. ‘सलग’ हा त्यातला कळीचा शब्द आहे. पुण्यात बीआरटीच्या, म्हणजे बससाठी राखीव मार्गांच्या, बरोबरीने सायकलमार्ग झाले, २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमाराला भाड्याच्या सायकलीही आल्या आणि काही काळाने दिसेनाशा झाल्या. चौकाचौकाला तुटणारा, मध्येच खांब, दुकानाची पायरी किंवा उभी गाडी असलेला मार्ग असून नसल्यासारखाच. आईवडील मुलीला ज्या रस्त्याने एकटीला सायकलवर पाठवतील तोच खरा सायकलमार्ग, ही कसोटी लावली तर आपल्या शहरांत फार थोडे किलोमीटर उरतात.

मुलींचा विषय निघालाच आहे, तर दोन उदाहरणं विसरता येणार नाहीत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेचा भाग म्हणून हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली दिल्या आणि कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार त्या वयोगटातली मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली. या स्त्रियांना आणि मुलींना टिकवून ठेवणारी गोष्ट होती कुठेतरी जाता येणं. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये विशीत असताना १५९ दिवसांत जगप्रदक्षिणा केली. तो पराक्रम आहे. पण शाळेपर्यंतचे रोजचे पाच किलोमीटर ही त्याहून मोठी सामाजिक घटना आहे, असं या पुस्तकाचं मत आहे आणि ते पटतं.

आजच हे पुस्तक का, याचं उत्तर आरोग्याच्या आकड्यांत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मधल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम स्वरूपाची हालचाल सांगते. २०२२ मध्ये निम्म्याच्या जवळपास भारतीय प्रौढ तेवढीही करत नव्हते. कामावर रोज अर्धा तास सायकलने जाण्या-येण्यात पाच दिवसांत ही मिनिटं भरतात. ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे २ लाख ६३ हजार लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा धोका सुमारे ४१ टक्क्यांनी कमी आढळला. अशा पाहणीतून कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होत नाही, पण संशोधकांनी वय, धूम्रपान, आहार यांचा हिशेब धरूनही फरक उरला. ही माणसं खेळाडू नव्हती. ती कामावर जात होती.

या पुस्तकात शर्यतीची तयारी नाही, वजन घटवण्याचं वेळापत्रक नाही, महागड्या सायकलींची तुलनाही नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस, वर्षभर, सुखाने सायकल चालवणारा माणूस घडावा, एवढ्यासाठी शरीर, यंत्र, मन, सोबत आणि रस्ता या पाचांचा विचार त्यात एकत्र केला आहे. इलेक्ट्रिक सायकलला कमी लेखलेलं नाही, कारण चढाच्या गावात किंवा साठीनंतर तिच्यामुळेच सवय टिकत असेल तर ती योग्यच आहे. व्यायामशास्त्राच्या जाणकारांना काही भाग सोपा वाटेल. पुस्तक त्यांच्यासाठी लिहिलेलं नाही. ज्यांना हृदयविकार किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं आहे त्यांनी मात्र सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी.

वाचकाला एक विनंती. हे पुस्तक एका बैठकीत संपवू नये. सायकल घरात असेल तर यंत्रावरची प्रकरणं आधी वाचावीत आणि त्याच दिवशी सीटची उंची व हवा तपासावी. सायकल नसेल तर आठवडाभर कोणाची तरी मागून घ्यावी, लगेच विकत घेऊ नये. आणि पुढचं पान उलटण्याआधी कोऱ्या जागेत पेन्सिलने एवढंच लिहावं: येत्या आठवड्यात कोणत्या वारी, किती वाजता, कुठून कुठे. बाकीची प्रकरणं ती फेरी झाल्यावर वाचली तरी चालतील.